कुजक्या पाल्याचा आहेर

अकलूजच्या एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. तिच्या मांडीवर कळशी, त्याच्या मांडीवर ओलं पोतं.

“पावसानं उसातलं तणाचं औषीद आपल्या बी विहिरीत उतारलं, माज्या भावाच्या बी. त्याचं मासं मेलं. आपलं कसं वो वाचलं?”

“त्याची विहीर काचावानी. आपल्यात पाला कुजून पाणी च्यासारकं झालंय. त्या पाण्यानंच औषीद धरून ठिवलं आसंल, माशांच्या अंगात लई जाऊ दिलं न्हाय.”

“म्या वरीसभर वरडत हुते, पाला काडा म्हणून!”

“काडला न्हाय, म्हणूनच मासं हायेत की!”

“आळस तुमचा, आन् मिजास किती! बरं, भावाच्या विहिरीला मासं माज्या कळशीत हायेत. तुमच्या पोत्यात काय?”

“मेव्हण्याला आहेर. गाळासकट कुजका पाला!”