मधेच तुटणारी गाडी

२००६च्या मार्चमध्ये श्रूजबरीच्या मेमरी क्लिनिकात ईशानी आईसाठी थांबली होती. मागच्या रांगेतून मराठी ऐकू आलं. नुकताच युरोप फिरून आलेला एक तरुण शेजारी बसलेल्या एका काकूंना तिथला रेल्वे पास समजावत होता. काकूंचे यजमान, काका, खिडकीशी बसले होते.

"पहिल्या दिवशी स्टेशनवर पासवर शिक्का मारून घ्या, काकू. त्याआधी गाडीत चढायचं नाही."

"बरं."

"आणि डब्यावरची पाटी वाचा. काही गाड्या मधेच तुटतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या."

"आणि हे तेवढ्यात मागच्या डब्यात बाथरूमला गेलेले असले तर?"

"तुम्ही सोबत जायचं ना."

"माझा डोळा लागला तर? काल हे आमच्याच दारासमोरच्या ड्राइव्हवेत उभं राहून घर शोधत होते रे."

काकूंनी पर्समधून पास बाहेर काढला.

"पास कॅन्सल होतो का?"

"वापरला नसेल तर होतो. पण काकू, यंदा नको तर पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी हे मला ओळखतील?"

काका खिडकीकडून वळले.

"काय गं, कधी निघायचंय आपल्याला?"

"जूनमध्ये."

"खिडकीची जागा घे हं."

"घेतलीये."