अक्काच्या ओसरीतला डबा

नेट चालू अन् डबा गायब, असं कुठं बघितलंय का तुम्ही? निंबर्ग्यात फायबरचे जोड ज्यात असतात तो काळा सीलबंद डबा तपासायला गेलो, तर खांबावर नुसता पट्टा. माझं डोकंच चालंना. खांबावर गुंडाळलेली जादा वायर सुटून तुरीतून, तुरीच्या मालकीणीच्या, अक्काच्या घरात गेलेली. मागं मागं गेलो. डबा ओसरीत, पाळण्याच्या कडीला!

"अक्का, ह्यो हितं कामून?"

"दर खेपेला येऊन माझी तूर तुडवायलास. आता सावलीत बसून कर काम."

तेवढ्यात साहेबाचा फोन. "डबा कोणत्या खांबावर हाय? नंबर सांग."

मी कडीकडं बघितलं. अक्काच म्हणाली, "सांग की, आमचा घर नंबर!"