मिंचोच्या तोंडाला वास नव्हता

पुरवणी जबाब. ता. ४ मार्च, मंगळवार, सकाळी १०.४०.

नाव वेलिका पेन्चेवा तोतेवा. वय ६३ वर्षे. धंदा: पूर्वी सूतगिरणीत, आता घरकाम, आणि दर शनिवारी चर्चसाठी वेदीवरची भाकर भाजणे. राहणार मौजे दोल्ना स्लिवा, झऱ्याजवळची गल्ली, घर क्रमांक सात.

मी आपण होऊन ठाण्यावर हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती नेदेल्चो, वय ६८, यांच्यासह राहते. आम्हाला मूलबाळ नाही. पती रेल्वेत रुळांची देखभाल करत होते. १४ नोव्हेंबरच्या अपघातापासून त्यांचं कंबरेखालचं अंग चालत नाही. त्यांना उठवणं, बसवणं, धुणं-पुसणं मी करते. दिवसातून चार वेळा उचलावं लागतं. वजन ब्याऐंशी किलो होतं, आता कमी झालं असावं, पण मला ते कमी वाटत नाही.

त्या अपघाताबाबत मी १५ नोव्हेंबरला याच ठाण्यावर जबाब दिला होता. त्यात मी सांगितलं होतं की, गाडी चालवणारा मिंचो इलियेव रुसेव, वय ४८, आमचा समोरचा शेजारी, हा दारू प्यालेला होता आणि त्याच्या तोंडाला राकियाचा वास येत होता. हे मी खोटं सांगितलं. वास येत नव्हता. एवढंच सांगायला आले होते, पण साहेब म्हणाले की सगळं पहिल्यापासून सांगा, म्हणून सांगते.

१४ नोव्हेंबरला दुपारी चारच्या सुमारास मी अंगणात मिरच्या निवडत होते. पती सायकल हातात धरून झऱ्याकडून येत होते. वळणावर आवाज झाला. मी धावत गेले, अंतर दोनशे पावलं असेल. टक्कर मी पाहिलेली नाही. गेले तेव्हा डेअरीची दुधाची गाडी रस्त्यात आडवी होती आणि मिंचो खाली बसून नेदेल्चोचं डोकं मांडीवर घेऊन होता. स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर टाकला होता. तो रडत होता. मी वाकले तेव्हा त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास होता.

गाडी वेगात होती, हे त्याने तेव्हाच मला सांगितलं. मागे दुधाचे कॅन हलले म्हणून त्याने मान वळवली, हेही सांगितलं. यातलं काहीही मी मागे घेत नाही.

रुग्णवाहिका पन्नास मिनिटांनी आली. पोलीस दुसऱ्या दिवशी आले, कारण ठाण्याची एकच गाडी होती आणि ती दुसऱ्या गावी गेली होती. त्यामुळे मिंचोचं रक्त तपासायचं राहिलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी इथे आणलं. आधी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं होतं की पती पुन्हा उभे राहणार नाहीत. साहेबांनी विचारलं, चालक प्यालेला होता का. मी म्हटलं, हो. विचारलं, कशावरून. मी म्हटलं, वास आला. दोन्ही उत्तरं द्यायला मला अजिबात वेळ लागला नाही.

मिंचो पूर्वी पीत असे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बायको वारली त्या वर्षी तर तो झऱ्यावर झोपलेला सापडायचा. त्यानंतर त्याने चर्चमध्ये फादर गेनादींसमोर शपथ घेतली आणि सोडली. अपघाताच्या दिवशी त्या गोष्टीला तीन वर्षं दोन महिने झाले होते. मला आकडा माहीत आहे, कारण शपथेच्या वेळी साक्षीला मी उभी होते आणि त्या दिवशीची भाकर मीच केली होती. म्हणजे कुठे मारलं तर जास्त लागेल, हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबांनी हे नीट लिहावं. तोल जाऊन बोलून गेले असं लिहू नये.

माझ्या जबाबानंतर त्याचा परवाना गेला आणि डेअरीने त्याला काढून टाकलं. दारू पिऊन अपघात केल्याचा खटला उभा राहिला, त्याची तारीख २० मार्च आहे. वकील म्हणतात तुरुंग चुकत नाही. गावाने तर तारखेची वाटही पाहिली नाही. म्हणे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मी हे दुकानात दोन वेळा ऐकलं आणि गप्प राहून चीज घेऊन घरी आले.

आता भाकरीबद्दल. आमच्याकडे वेदीवरची भाकर जी बाई मळते तिचं कोणाशी वैर असता कामा नये. असेल तर आधी मिटवायचं, नाहीतर पिठाला हात लावायचा नाही. फादर दर शनिवारी विचारतात, मन साफ आहे ना? मी चार महिने हो म्हणत आले. अगदीच खोटं नको म्हणून मी एक सोय करून घेतली होती. पीठ घेण्याआधी फाटकाशी जायचं, मिंचोच्या भिंतीकडे तोंड करून 'देव सगळ्यांना माफ करो' म्हणायचं आणि परत यायचं. भिंतीने कधी हरकत घेतली नाही. बायका म्हणतात रागाने मळलेलं पीठ फुगत नाही. माझं चारही महिने उत्तम फुगलं, आधीपेक्षा चांगलं. त्यावरून मी असं धरून चालले की देवाची काही तक्रार नाही.

पती खाटेवरून सगळं बघत असत. एकदा म्हणाले, "अगं, भाकर मळतेस का मिंचोला?" मी म्हटलं, तुम्ही गप्प पडा. ते म्हणाले, पडलेलाच आहे.

परवा रविवारी, २ मार्चला, माफीचा रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास लागतो. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांकडे जाऊन वाकायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि माफी मागायची. थोरांनी म्हणायचं, देव माफ करो, तूही मला माफ कर. मग धाकट्याने म्हणायचं, देव माफ करो. लेकी-सुना, शहरातली मुलं, सगळी त्या दिवशी गावी येतात.

मिंचोची मुलगी प्लोवदिव शहरात असते. ती दर वर्षी त्या दिवशी दुपारच्या बसने येते. बाप पुन्हा प्यायला लागला असं ऐकल्यापासून ती त्याचा फोन उचलत नाही, हे मला दुकानातच समजलं होतं. रविवारी बाराच्या सुमारास मी खिडकीशी नेदेल्चोंना भरवत होते. मिंचो दाढी करून, टोपी घालून थांब्यावर उभा होता. बस आली, तीन माणसं उतरली, बस गेली. तो आणखी थोडा वेळ थांबला, मग रस्ता ओलांडून घरी आला. त्याच्या खिडकीत मला दोन ताटं मांडलेली दिसत होती. त्यातलं एक त्याने उचलून आत नेलं.

मी पतींना म्हटलं, ती आली नाही. ते म्हणाले, "कशी येईल? तुझा जबाब तिच्यापर्यंत पोचलाय." जबाबात काय खरं नि काय खोटं हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणसाला न विचारता कळतं, हे काही सुखाचं नाही.

संध्याकाळी पाच वाजता प्रार्थनेनंतर चर्चमध्ये माफीची रांग लागली. मिंचो माझ्यासमोर आला. तो गुडघ्यापर्यंत वाकला, माझा हात धरून चुंबन घेतलं आणि म्हणाला, "वेलिकामावशी, नेदेल्चोकाकांना मी अधू केलं. मला माफ करा." मी म्हटलं, देव माफ करो. पुढचं 'तूही मला माफ कर' एवढं म्हणायचं होतं. पाचशे वेळा म्हटलेलं आहे, पाळण्यातल्या पोराला सुद्धा म्हणतात. ते माझ्या तोंडातून निघेना. तो थांबला. रांग थांबली. मग तो माझ्यापुरतं, हळू आवाजात म्हणाला, "देव तुम्हालाही माफ करो, मावशी." आणि पुढच्या माणसाकडे गेला.

मी मागितली नसताना त्याने दिली. म्हणजे मी चुकून नाही, जाणूनबुजून खोटं बोलले हे त्याला माहीत होतं, आणि चार महिने त्याने एका माणसाला सांगितलं नव्हतं. मला खरं म्हणजे रडू यायला हवं होतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ज्याने माझ्या घराची ही दशा केली तो मला माफ करणार. बाहेर बायका म्हणाल्या, चला, मिटलं एकदाचं, आता वेलिका सगळी केस काढून घेईल.

काल सोमवारी मी फादर गेनादींकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागाबद्दल प्रवचन देतील. ते लाकडं फोडत होते. कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाले, "वेलिका, राग येतो. मलाही येतो. आला तर बसू दे घरात. पण तू त्याला कामाला लावलंस. तू त्याला ठाण्यावर पाठवलंस जबाब द्यायला." मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, आता तू स्वतः जा. मी म्हटलं, तुम्हाला बोलायला काय जातं, तुम्हाला दिवसातून चार वेळा माणूस उचलावा लागत नाही. ते म्हणाले, खरं आहे. मग त्यांनी सांगितलं की भाकरीचं पुढे काय करायचं ते मी परत आल्यावर बघू, आणि पुन्हा लाकडं फोडायला लागले.

आज सकाळी आठच्या बसने यायचं म्हणजे दोन वेळा पतींना उचलायला कोणीतरी हवं होतं. एक शेजारीण कंबर धरून बसली आहे, दुसरीच्या घरी गाय व्यायली आहे. शेवटी मी मिंचोचं दार वाजवलं. त्याला म्हटलं, मला शहरात काम आहे, दुपारपर्यंत काकांजवळ बस. काय काम ते सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. म्हणाला, "उचलताना आधी कुठे धरायचं, ते दाखवा." मी दाखवलं. आत्ता मी इथे बोलत असताना तो तिथे आहे. त्याने नीट धरलं की नाही ते मी घरी गेल्यावर पतींना विचारणार आहे, आणि नसेल धरलं तर त्याची खैर नाही.

साहेबांनी मला समजावून सांगितलं की खोटा जबाब देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि माझ्यावर कारवाई होऊ शकते. ते मला समजलं. त्यांनी असंही विचारलं की मिंचोने किंवा त्याच्या वकिलाने मला धमकावलं, गळ घातली किंवा काही देऊ केलं का. नाही. त्याने मला माफ केलं, एवढंच केलं. साहेब म्हणाले, हे लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहा.

मला शिक्षा झाली तर पतींची सोय काय, हे मी ठरवलेलं नाही. कोण करणार ते माहीत नाही. चार महिन्यांत मी एकदाही सलग झोपलेले नाही, त्यामुळे पुढचं फार विचार करवत नाही. २० तारखेच्या आत हा कागद कोर्टात पोचावा आणि मिंचोच्या मुलीला त्याची एक नक्कल मिळावी, एवढी विनंती आहे. तिचा पत्ता मी चिठ्ठीवर लिहून आणला आहे.

वरील मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना असं आढळलं की शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक वाक्य घातलं होतं: 'आता माझ्या मनात सदर इसमाविषयी कोणताही राग उरलेला नाही.' ते म्हणाले, असं लिहिलं की कोर्टाला बरं वाटतं. मी ते खोडायला लावलं. मी या ठाण्यावर एकदा खोटं सांगितलेलं आहे, दुसऱ्यांदा सांगणार नाही. राग आहे. त्याच्या तोंडाला वास नव्हता. खोडलेल्या जागी मी आद्याक्षरं घातली आहेत. बाकी मी सांगितलं तसं आहे.

(सही) वे. पे. तोतेवा