कोंडिबा मरगळ्याचा अर्धा घास

ऐका. पण आधी ती डोक्यावरची बॅटरी विझवा बघू, अहो चष्मेवाले! भुताच्या गोष्टीला शेकोटीचा उजेड पुरतो. पहाटे तीनला गडावर निघणार ना तुम्ही सगळे? मग नीट कान द्या. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मात्र विचारायचं नाही.

ती समोरची काळी सोंड दिसतेय? तिच्यावर मरगळेवाडी. आज तिथं चार घरं, त्यातली दोन कुलपात. पण तेव्हा काय दिवस होते! संध्याकाळी कळप उतरायचे तर सगळा डोंगर घंटांनी भरून जायचा. आंधळ्यानंसुद्धा सांगावं, हा मरगळ्यांचा कळप, हा कचऱ्यांचा. त्या वाडीवर कोंडिबा मरगळे राहायचा. चाळिशीचा गडी, काटक, खांद्यावर काळी घोंगडी. आणि त्याची आई ठकूबाई. म्हातारीनं बाहत्तरचा दुष्काळ पोटावर काढलेला. तिच्या घरात ताटात एक शीत राहिलं तर खैर नव्हती. “पुसून खा,” म्हणायची. कोंडिबाचं ताट बघून कळायचं नाही, हा जेवून उठला की जेवायला बसतोय!

या कोंडिबाची गोष्ट. आणि ती घडली जपानात.

हसा, हसा. धनगर आणि जपान! अहो, झालं असं, की मोरिता नावाचे एक जपानी गृहस्थ इथं शेवाळ बघायला आले. हो, शेवाळ! आपण ज्यावरून घसरतो ना, ते. साठीचे, चणीनं लहान, पुण्यात राहून मराठी शिकलेले. गावानं आठ दिवसांत त्यांचे मोरेतात्या करून टाकले. तर हे तात्या शेवाळाच्या मागं घळीत उतरले आणि घोटा मोडून बसले. कोंडिबानं त्यांना घोंगडीत बांधलं, पाठुंगळी घेतलं आणि भर पावसात खाली आणलं. वाटेत तात्या सारखे म्हणत होते, “कोंडिबासाहेब, आपणांस तसदी होत आहे.”

पुढच्या वर्षी त्यांचं पत्र आलं. सोबत तिकीट. आमचे डोंगर बघायला या.

ठकूबाईनं काय केलं? निघायच्या दिवशी नाचणीची भाकरी थापली, एक कुटका मोडला आणि घोंगडीच्या कोपऱ्यात गच्च गाठ मारून बांधला.

“आये, इमानात जेवान देत्यात.”

“तुज्यासाठी न्हाई, मेल्या. वाटंवर कुनी भुकेला भेटला तर त्याच्यासाठी. तुजा बा बांधायचा, त्याचा बा बांधायचा.”

“जपानात कोन भुकेला भेटतोय?”

“भूक काय एका मुलखाची आसती व्हय?” म्हातारी म्हणाली. मग तिनं त्याचं तोंड कुरवाळलं. “आन आयतवारी फोन कर. मी वाण्याच्या दुकानात येऊन बसते. तुजा आवाज आल्याबिगर उठायची न्हाई.”

आता ऐका. दुकान खालच्या गावात. वाडीवरून दोन कोस उतार. सत्तरीची म्हातारी, गुडघे गेलेले. आपल्याकडं संध्याकाळी सात म्हणजे तिकडं रात्रीचे साडेदहा. फोन नाही आला तर ही बाई रात्रभर पायरीवर बसणार. कोंडिबाला हे पक्कं ठाऊक.

तर गेला कोंडिबा जपानात. किई नावाचा डोंगराळ मुलूख आहे तिकडं. देवदारासारखी सरळसोट झाडं, दुपारीसुद्धा खाली अंधार. दगडी पायऱ्यांच्या जुन्या वाटा, वळणावळणावर छोटे दगडी देव. कोंडिबा म्हणाला, “तात्या, ह्ये तर आपलंच हाय. फक्त झाडून ठेवलंय.”

पण नियम किती! डोंगर चढण्याआधी वाटेच्या तोंडाशी एक पेटी. तिच्यात चिठ्ठी टाकायची. नाव काय, कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता परतणार. दुपारी तीनच्या आत उतरायला लागायचं. वाट दाखवायला झाडांना लाल फिती बांधलेल्या, त्या सोडायच्या नाहीत. आणि अस्वलं आहेत म्हणून प्रत्येकाच्या कमरेला घंटा! जन्मभर बकऱ्यांच्या गळ्यात घंटा बांधणारा गडी, आता त्याच्याच कमरेला. चालला की टिणटिण. कोंडिबाला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की पहिल्या दिवशी तो मुठीत घंटा धरून चालला.

त्या वाटेवरच्या एका खिंडीच्या अलीकडच्या गावात किनुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या घरी उतरलेले दोघं. ती रोज डबा करून द्यायची. मोहरीच्या खारवलेल्या पाल्यात गुंडाळलेले भाताचे गोळे. डबा हातात देताना ती एक वाक्य बोलायची, आणि बोट उभं करायची. एक.

“काय म्हनती?” कोंडिबानं विचारलं.

“शेवटचा घास खाऊ नका, असे म्हणते,” मोरेतात्या म्हणाले. “पूर्वी दुष्काळात लोक या खिंडीतून अन्न शोधायला निघत. पुष्कळ जण वाटेतच मेले. त्यांची भूक अजून तिथे आहे. आम्ही तिला हिदारुगामी म्हणतो. ती माणसाला धरते. धरले की माणसाला बोटही उचलवत नाही. डब्यात एक घास असला, तो तोंडात टाकला, की सुटतो. नसला, तर सकाळी इतरांना सापडतो.”

“आमच्यात ताटात टाकत न्हाईत,” कोंडिबा म्हणाला. आणि डबा पुसून खाल्ला. मोरेतात्या नेहमीसारखे जेवून हात जोडून म्हणाले, “गोचिसोसामा.” जेवण संपलं की तिकडं असं म्हणतात. ज्यानं खाऊ घातलं त्याचे आभार.

पुढच्या रविवारी दोघं खिंड ओलांडून पलीकडं गेले. तिथं डोंगरात मुक्कामाची लाकडी झोपडी, ना वीज, ना फोन. दुपारीच परतायचं ठरलेलं. पण तात्यांचा तोच जुना घोटा सुजला. भोपळ्यासारखा! पाऊल टाकवेना. शेकता शेकता अंधार पडला.

“सकाळी जाऊ,” तात्या म्हणाले.

“आये बसली आसंल.”

“कोंडिबासाहेब, रात्री कोणी जात नाही.”

“दुकान बंद झालं तरी बसंल ती. थंडीचं दिस हायेत.”

काय करणार तात्या? झोपडीतल्या वहीत कोंडिबाकडून नाव लिहून घेतलं. बॅटरी दिली. घंटा त्याच्या कमरेला आपल्या हातानं बांधली. उरलेले भाताचे गोळे डब्यात भरले आणि एक बोट उभं केलं. “एक.”

“व्हय व्हय,” म्हणत कोंडिबा निघाला. सात वाजले होते. तीन तासांची चाल. घोंगडीची खोळ डोक्यावर आणि टिणटिण, टिणटिण.

खिंडीच्या माथ्यावर दगडी देवापाशी टेकला. डबा उघडला. चार गोळे. एक खाल्ला. दोन. तीन. चौथा हातात घेतला आणि थांबला. किनुबाईचं बोट आठवलं. मग आईचा आवाज आठवला, पुसून खा. आता सांगा, परक्या म्हातारीचं ऐकेल की आपल्या? खाल्ला! पाल्याला चिकटलेलं शीतसुद्धा चाटून घेतलं. अरे माणसा!

उतरायला लागला. टिणटिण. दहा पावलं. वीस पावलं. आणि मागून आवाज आला.

टिणटिण.

हा थांबला. मागची घंटाही थांबली. पण एक ठोका उशिरा! हा चालला, ती चालली. हा थांबला... टिण. धनगरच तो. आधी त्याला वाटलं, बकरू चुकलंय. “हर्र, हर्र, ये,” म्हणून हाकही मारली. मग आठवलं. अरे, इथं बकऱ्या कुठल्या?

मागं वळला नाही. लाल फिती बघत निघाला. ही एक फीत. ती दुसरी. ती तिसरी. येताना पन्नास पावलांवर एक होती, आता दर झाडाला! दोन-दोन, तीन-तीन. वारा नाही, तरी हलतायत. कोंडिबाला बरं वाटलं, वाट तरी पक्की. पण पाय? डोंगरात वाढलेल्या माणसाचे डोळे पायात असतात. पायाखाली मऊ लागलं. शेवाळ! जिथं माणूस चालतो तिथं शेवाळ धरत नाही, हे त्याला मोरेतात्यांनी सांगायची गरज नव्हती. म्हणजे ही वाटच नव्हे. त्यानं हात लांब करून एक फीत धरली.

ओली. गरम. आणि ती फीत हातातून आत ओढली गेली.

फीत नव्हती हो ती. जीभ होती!

घाबरलात? बाई, लाकूड सरकवा जरा शेकोटीत. हां.

कोंडिबा पळाला. कुठं पळाला, त्याचं त्याला कळलं नाही. बॅटरी मिणमिणायला लागली. आणि तेवढ्यात वास आला. कशाचा म्हणाल? तव्यावरच्या भाकरीचा! नाचणीची भाकरी, पदर सुटलेली, बाजूला लसणाची चटणी. जपानच्या डोंगरात! पुढं झाडांमधून चुलीचा उजेड. आणि उजेडातून आवाज.

“कोंड्या! ये रं. वाढलंय.”

तोच आवाज. तीच धाप. डोळ्यांत पाणी आलं गड्याच्या. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं टाकणार, तोच मनात आलं: आये तर दुकानात बसलीय. माझ्या फोनची वाट बघत.

असं मनात आलं मात्र, उजेड विझला. आणि पोटात आगडोंब उठला. भूक! चार गोळे खाल्लेला माणूस, पण आतडी पिळून निघाली. खाली बसला तो बसलाच. हात उचलेना, पाय हलेना, ओरडायला आवाज फुटेना. अंधारात डोळे सरावले, तर भोवती माणसं बसलेली. पोटं खपाटीला गेलेली. म्हातारे, बाया, कडेवर पोरं. प्रत्येकाच्या हातात वाडगा आणि प्रत्येक वाडगा रिकामा. सगळे नुसते त्याच्या डब्याकडं बघतायत.

डबा पुसलेला.

कोंडिबाला वाटलं, संपलं. सकाळी आपण सापडू. आणि आये पायरीवर बसून राहील. आज, उद्या, परवा. कोण सांगणार तिला? मान कलली आणि गालाला काहीतरी टोचलं. घोंगडीचा कोपरा. गाठ!

हात चालत नव्हते, म्हणून दातांनी सोडली. किती वेळ लागला देव जाणे. आत पंधरा दिवसांचा भाकरीचा कुटका, दगडासारखा. एकच घास. ओठाला लावला आणि बोटांत जीव आला. आता खाल्ला की सुटका! पण समोर एक बाई होती. ठकूबाईच्या वयाची. तिनं वाडगा पुढं केला नाही. उलट मागं घेतला. लाजून.

तुमच्या हातात असता तर? नका सांगू. खोटं बोलाल.

कोंडिबानं कुटका गुडघ्यावर ठेवून मोडला. अर्धा तिच्या वाडग्यात टाकला. अर्धा तोंडात.

अंधारात आवाज सुरू झाला. कुडुम, कुडुम, कुडुम. एका अर्ध्या घासाचा, पण शंभर तोंडांचा. बराच वेळ. मग सगळं शांत झालं, आणि एकदम, एका सुरात, हळू आवाजात सगळे म्हणाले,

“गोचिसोसामा.”

बॅटरी आपोआप लख्ख पेटली. कोंडिबानं खाली बघितलं. त्याचे दोन्ही पाय कड्यावरून खाली लोंबत होते! खाली हजार हात घळ, तळाला पाणी. हा मागं सरकला तो पाठीवर पडूनच. आणि मग ती घंटा वाजली. या वेळी मागं नाही, पुढं. टिणटिण. हा उठला, तिच्यामागं चालला. जिथं ती वळली तिथं वळला. किनुबाईचा दिवा दिसला तेव्हा घंटा थांबली.

साडेअकरा झालेले. तासभर उशीर. किनुबाईनं त्याचं तोंड बघितलं आणि फोन पुढं सरकवला. इकडं वाण्यानं अर्धी फळी लावलेली. पायरीवर ठकूबाई.

“कोंड्या? जेवलास का?”

कोंडिबानं घोंगडीचा सुटलेला कोपरा मुठीत धरला.

“आरं, जेवलास का म्हनते!”

“जेवलो, आये.”

“काय खाल्लंस?”

“तुजी भाकरी.”

“ती गाठीतली? आरं, शिळी झाली आसंल की रं!”

“लई ग्वाड व्हती.”

म्हातारीनं फोन कानाशी घट्ट धरला. मग हळूच म्हणाली, “समदी खाल्लीस?”

“न्हाई. अर्धी वाटली.”

तिकडं कंदिलाची कडी वाजली. मग ठकूबाई म्हणाली, “ब्येस केलंस. नीज आता.” आणि कंदील घेऊन दोन कोस चढून घरी गेली.

कोंडिबा परत आला. पुढं तीस वर्षं तो याच शेकोटीला बसायचा, तुम्ही बसलाय ना बाई, त्याच दगडावर. जेवला की एक घास तळहातावर घेऊन उठायचा आणि या आपल्या गडाच्या खिंडीकडच्या अंधारात ठेवून यायचा. आम्ही चिडवायचो, “कोंडिबानाना, तुमचं जपानी पाव्हणं आलं काय?” तो हसायचा. सकाळी घास नसायचा. कावळ्यानं नेला, म्हणायची माणसं. असेल. पण रात्री कावळे कुठले? आता कोंडिबा नाही, ठकूबाई नाही, मोरेतात्यांचं पत्रही यायचं थांबलं. शेकोटी तेवढी आहे, आणि गोष्ट सांगायला मी.

तर मंडळी, रात्री खिंडीच्या वाटेनं जाऊ नका. तुम्ही जाणारच, म्हणून सांगतो. कुठल्या वाटेनं निघालात, ते इथं कुणाच्या तरी कानावर घालून जा. फितीपेक्षा पायाचं ऐका. आणि डबे उघडा बघू! हां. अहो चष्मेवाले, हे काय, पुसून खाल्लंत? मला वाटलंच. घ्या हा भाकरीचा तुकडा. घोंगडी नसली तर रुमालाला गाठ मारा.

आणि पहाटे चढताना मागून घंटा ऐकू आली, तर वळून बघू नका. घास तेवढा मोडून अर्धा मागं टाका.

कारण मरगळेवाडीवर आता एकसुद्धा बकरी उरलेली नाही.