ओंजळभर मिरी

कोट्टयमच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेर कल्याणी नवऱ्याच्या प्लास्टरसाठी ताटकळली होती. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी दबक्या आवाजात भांडत होत्या, आणि तिचे कान तिकडेच होते.

“त्या वावर पीराच्या मशिदीत मिरी वाहायचा नवस बोललीस? माझ्या पोरासाठी?”

“बोलले. शबरीमलैच्या यात्रेला जाणारे हिंदूसुद्धा तिथं वाहतात, सोसाताई.”

“आलेयम्मा, मार्ग एकच. येशूचा. बाकीचे सगळे खड्ड्यात नेतात.”

“मग जाईन मी खड्ड्यात. बिजू वाचला म्हणजे झालं.”

“माझ्या प्रार्थनेत माती कालवलीस!”

“तुझी प्रार्थना कधीच पोचली गं. मिरी जाईल मागनं.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“बिजूची आई कोण? ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलाय, आई कुठाय म्हणतोय.”

“देवा, तुझे उपकार!”

सोसाताईनं पदरानं डोळे पुसले.

“आलेयम्मा.”

“काय?”

“किती मिरी बोललीस?”

“ओंजळभर.”

“कुणाची ओंजळ?”

“माझीच की.”

“तुझी ती चिमणीएवढी! मी येते बरोबर. दाराबाहेरच थांबेन. पण मिरी माझ्या ओंजळीनं भरायची.”