एक दिवस आधी

केरबा : मामा, फळा पुसू नका. कालची बातमी वाचायचीय मला.

सूर्यभान : केबलवर बातम्या देणाऱ्याला गुलमंडी चौकातला फळा कवापासनं लागाय लागला?

केरबा : ‘वाळूजकडं रंगाच्या कारखान्याचं पाणी पिऊन मुंजाबाची अकरा मेंढरं मेली. पाइप नाल्यात, बाभळीखाली.’ हे तुम्हीच लिहिलं?

सूर्यभान : वीस वर्षं मीच लिहितोय. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या दिवशी इथं पाय ठेवाय जागा नव्हती. तवा तुझा केबल कुठं व्हता?

केरबा : लाईट गेली होती.

सूर्यभान : खडूला लाईट लागत नाय.

केरबा : मुंजाबानं मलाच बोलावलं होतं, मामा. शूटिंग आज ठरलं होतं.

सूर्यभान : ठाऊक हाय. म्हणून परवाच जाऊन पाइप बघून आलो. हिरवंगार पाणी. मेंढरामागं मी बी फिरलोय, मला रस्ता इचारावा लागत नाय.

केरबा : मग मला का नाही सांगितलं?

सूर्यभान : तुला? बातमी कशी हुडकायची ते ह्या फळ्यापाशी शिकलास तू. आता तुझी मामी पुतळाबाई रोज सातला शेजारच्या टीव्हीपुढं जाऊन बसती. म्हणती, केरबा कोटात साहेब दिसतो. टेबलाखाली पायजमा असतो, ते तिला कुठं दिसतंय?

केरबा : सकाळी कॅमेरा घेऊन गेलो. पाइप नाही. बाभळसुद्धा नाही. नुसती ताजी माती.

सूर्यभान : काय सांगतो?

केरबा : गेटवरचा साहेब हसला. म्हणाला, तुमच्या मामांचं अक्षर झकास आहे.

सूर्यभान : …तुझ्या एक दिवस आधी. तेवढंच पायजे व्हतं मला.

केरबा : मुंजाबा इचारत व्हता, राहिलेली मेंढरं कुठं पाजू. कॅमेऱ्यापुढं यायला घाबरतोय तो. पाइप बघितलेला दुसरा माणूस तुम्हीच.

सूर्यभान : म्हंजी तुझ्या शेजारी बसायचं. तू इचारायचं, मी सांगायचं.

केरबा : व्हय.

सूर्यभान : पाइप काढायला त्यांना सवड कशी घावली, ते इचारशील?

केरबा : नाही विचारणार.

सूर्यभान : इचार. मुंजाबा बघत असंल.

(सूर्यभान फळा पुसून नव्यानं लिहू लागतो.)

केरबा : हे काय लिहिताय?

सूर्यभान : ‘आज सात वाजता केबल बघा.’

केरबा : चला मग.

सूर्यभान : थांब. तो कोट तुझ्याकडं एकच हाय व्हय?