टिपकागदावरचं रगात

मी गुंद गावची. जन्मले हितंच, दिली बी हितंच, पल्याडच्या वाडीत. आई सुईण, तिच्या मागं मी सुईण. किती पोरं ह्या हातावर आली, मोजली न्हाईत. पर काय सांगू तुम्हाला मास्तर, आपल्याच सुनेच्या पोटाला हात लावायची पाळी आली तवा माझंच चुकलं.

गंगी माझी सून. पयलं बाळ आठव्यातच गेलं तिचं, मेलेलंच आलं. दुसऱ्या खेपंला सहावा लागला आन ती उंबऱ्यावर बसली की उठंना, भिताड धरून उठायची. चोरून वारुळाची माती खायाची. मी म्हणलं, डोहाळं. जेवाण तर दोन्ही खेपंला मीच कमी केलं व्हतं तिचं, पोटुशीनं लई खाल्लं की पोर मोठं हुतं, आडतं, असं आईनं शिकिवलेलं, ते मी कसं मोडू?

त्या साली सुप्याला एक डाक्टरीणबाई आलती, तंबू ठोकून. ल्योक म्हणला अव्वा, न्हेऊया. मी म्हणलं नगं, पोरीत आधीच रगात न्हाई आन ती बाई रगात काढती म्हणत्यात. पर गेलो गाडी जुपून. बाईनं गंगीच्या बोटाला सुई टोचली, थेंब टिपकागदावर घेतला. तिच्याजवळ एक पट्टी व्हती, फिक्क्यापासनं लालभडकापातूर रंगाची. थेंब जिरला तसा त्या रंगांला लावून बघाय लागली. लालाला जुळंना, खाली खाली सरकत पार फिक्क्यावर आली. मग स्वताच्या बोटाला टोचून दुसरा थेंब दावला. बाईचं जास्वंदीवाणी, आन आमच्या गंगीचं तांदळाच्या धुवणात कुंकू पडल्यागत. बाईनं इचारलं, हिला वाढतं कोण? मी म्हणलं, मीच.

लोखंडाचं औषध दिलं, आन म्हणली नाचणी, कुळीथ, तांबडी भाजी, नदीचं मासं, पोटभर घाल. चार दिसांनी गंगी रडत आली, अव्वा, परसाकडं काळं हुतंय. माझं काळीज फाटलं, इख घातलं का काय बाईनं? बाटली फेकायला उचलली बी. मग वाटलं, इचारल्याबिगर नगं. पहाटं निघाले, एकलीच, रानातनं, उन्हं कलताना सुप्याला पोचले. बाई हसली न्हाई, ते बरं वाटलं. म्हणली, लोखंडानं तसंच हुतं, भिऊ नगं, देत ऱ्हा.

बाळंत झाली तवा रगात लई गेलं, मागल्या खेपंपक्षा जास्ती. मी कापडं पिळतीया आन पिळतीया, वाटलं गेली आता. पर टिकली, औषधानं आन खाण्यानं अंगात रगात भरलं व्हतं म्हणून. लेक झाली, मूठभर, पर अशी वरडली की गोठ्यातली गुरं बिचकली.

आता ती लेक चार वर्सांची हाय. गंगीला परत सातवा लागलाय. डाक्टरीणबाई बदलून गेली, हितं ना कागद ना पट्टी, रगात कसलं हाय कुणाला ठावं? बायका इचारत्यात, अक्का, सुनेला किती वाढू? मी सांगते, मागंल तेवढं वाढ ग, आईचं ऐकून मी एक नातवंड घालवलं, तू कुणाचं ऐकून घालवू नगस. रोज गंगीच्या म्होरं बसते, ती घास गिळताना थांबली की ताट आणिक म्होरं सरकवते. देवानं तिची सुखरूप सुटका करावी, दुसरं काय मागू? जेव बाई, म्हणते, तू जेव.